टपोरे सोयाबीन आणि अर्धी ओल

कोकणात भाताचे बियाणे पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात टाकण्याची शिफारस आहे. पोकळ दाणे तरंगतात, वजनदार तळाशी बसतात आणि तळचेच पेरायचे असतात. सिंधुदुर्गातील नांदगावच्या भातशेतकऱ्याला भरलेल्या दाण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. शिवाय रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीत केलेली धूळवाफ पेरणीही भाताला मानवते; पाऊस येईपर्यंत दाणा मातीत स्वस्थ पडून राहतो. घाट ओलांडून मराठवाडा-विदर्भात गेले, की हे दोन्ही हिशेब सोयाबीनला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

२०२० च्या खरिपात तेथे पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसाने बियाण्याचा दर्जा घसरला होता, हे एक मोठे कारण. परंतु चांगले बियाणेही पाण्याअभावी फसते, आणि त्यात दाण्याच्या आकाराचा वाटा असतो.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिने पाणी फार ओढतात. मक्याचा दाणा स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाण्यावर रुजतो. सोयाबीनला जवळजवळ ५० टक्के लागते. साहजिकच दाणा जितका मोठा, तितकी त्याची तहान मोठी. त्यातच मोठ्या दाण्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असतो, म्हणजे मातीशी संपर्कही कमी. माती पुरती ओली असेल तर हा फरक जाणवत नाही. ओल अपुरी असली, की बारीक दाणा लवकर फुगून मोड काढतो आणि टपोरा मागे रेंगाळतो.

खरा धोका अर्ध्या ओलीचा. पूर्ण कोरड्या मातीत दाणा काही दिवस थांबू शकतो. एखाद्या सरीने तो फुगला, मोड बाहेर आला आणि मग पावसाने ओढ दिली, तर त्याला माघार नाही. मोड सुकला की दाणा संपला.

मग टपोऱ्या दाण्याचा उपयोग काय? तो उगवणीनंतर दिसतो. सोयाबीनची दोन्ही बीजदले जमिनीवर येतात आणि पहिले सात-दहा दिवस रोपाला पोसतात. शिदोरी मोठी असल्याने रोप जोमदार होते. पाणी कमी पडले की रोप आधी पानांची वाढ आवरते, मुळे मात्र खाली जात राहतात. अशा वेळी ही शिदोरी कामी येते. उलट, काळ्या जमिनीवर पावसानंतर पापुद्रा धरला, तर जाड बीजदले वर काढताना कोवळी मान मोडण्याची भीती अधिक. थोडक्यात, मोठा दाणा भरपूर ओलीत सरस आणि तुटपुंज्या ओलीत अडचणीचा.

आणखी एक गोष्ट हिशेबात राहून जाते. बियाणे किलोवर विकले जाते. रोपे मात्र नगावर येतात. शंभर दाण्यांचे वजन १० ग्रॅम असेल तर ७५ किलोत साडेसात लाख दाणे मावतात. १४ ग्रॅम असेल तर जेमतेम ५ लाख ३५ हजार. उगवणशक्ती ७० टक्के, म्हणजे किमान प्रमाणाइतकीच, धरली तर पहिल्यातून सव्वापाच लाख रोपे मिळतात आणि दुसऱ्यातून पावणेचार लाख. ४५ बाय ५ सेंटीमीटर अंतराने हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार रोपे हवीत. टपोऱ्या वाणाला तेच माप लावणारा शेतकरी पाऊस चांगला पडूनही शेत विरळ पाहतो आणि दोष पिशवीला देतो.

गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरी करण्याची उगवण चाचणी उत्तमच. ती प्रत्येकाने करावी. तथापि गोणपाट सतत ओले ठेवलेले असते, शेत तसे नसते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, आणि पेरणी तीन ते पाच सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, असे कृषी खाते दर जूनमध्ये सांगते.