अकाली प्रसूती आणि गर्भाची खुंटलेली वाढ

बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मले की त्याचे वजन कमी असणारच, असे घरोघरी गृहीत धरले जाते. ते अर्धसत्य आहे. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे वजन साधारणतः पावणेदोन किलोच्या आसपास असते. ते अवघे अकराशे ग्रॅम भरले, तर बाळ केवळ लवकर आले असे म्हणता येत नाही. त्याची वाढ गर्भाशयातच खुंटली होती. गर्भवयाच्या तुलनेत ज्यांचे वजन तळाच्या १० टक्क्यांत मोडते, अशा बाळांना ३७ आठवड्यांपूर्वी जन्म झाल्यास दुहेरी धोका असतो.

याचे मूळ बहुधा वारेत सापडते. गर्भधारणेच्या पूर्वार्धात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी मिळते. बाळाची उपासमार होते आणि मातेचा रक्तदाबही वाढू शकतो. रक्तदाब व लघवीतील प्रथिने वाढून मातेच्या जिवावर बेतले की डॉक्टरांना मुदतीपूर्वीच प्रसूती करावी लागते. म्हणजे खुंटलेली वाढ आणि अकाली जन्म ही अनेकदा एकाच विकाराची दोन रूपे असतात. पूर्वीपासूनचा रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, जुळी गर्भधारणा, तीव्र रक्तक्षय व मातेचे अत्यल्प वजन हीदेखील जोखमीची कारणे आहेत.

तंबाखूचे नाव मात्र ठळकपणे घ्यायला हवे. सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रिया स्वतःला सुरक्षित समजतात. मिश्री तर अनेकींना दंतमंजनच वाटते! मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या पाहणीत (२००४ साली प्रसिद्ध) मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. त्यांच्यात मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही अधिक होते.

आहाराचा प्रश्न केवळ पोट भरण्याचा नाही. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली दिसली. कष्टाच्या कामांचा परिणाम उलट होता. तो अभ्यास मुख्यत्वे पूर्ण दिवसांच्या बाळांचा होता, हे लक्षात ठेवावे.

जोखीम असलेल्या स्त्रीला डॉक्टर सोळाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ते आपल्या मनाने घेऊ नये. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी टाळू नये, कारण गर्भाचे नेमके वयच ठाऊक नसेल, तर बाळ लवकर जन्मले की त्याची वाढ खुंटली, हे पुढे ठरवणे डॉक्टरांनाही अवघड जाते.