आपोआप लिहिली जाणारी फाइल आणि तिच्याविषयीचे गैरसमज

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स पद्धतीने रचलेला एखादा जुना प्रकल्प सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याला हा प्रसंग नवा नाही. कर्मचाऱ्यांच्या माहितीच्या पानावर ‘मोबाइल’ या आयडीचा एक टेक्स्टबॉक्स वाढवला, पान सेव्ह केले, डिझाइन व्ह्यूमध्ये तो चौकोन डोळ्यांनी पाहिला, आणि मग त्यातील मजकूर वाचण्यासाठी कोडबिहाइंड फाइलीत त्याचे नाव लिहिले, की कंपायलर निर्विकारपणे सीएस०१०३ ही त्रुटी पुढे करतो: हे नाव या संदर्भात अस्तित्वातच नाही. जी वस्तू पानावर साक्षात दिसते आहे तिचे अस्तित्व नाकारणारा हा निवाडा वाचून प्रोग्रॅमर गोंधळतो आणि मग ‘क्लीन’, ‘रिबिल्ड’, व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडणे, अखेरीस संगणकच रीस्टार्ट करणे असे उपाय एकामागून एक सुरू होतात. यांपैकी एखाद्यानंतर योगायोगाने त्रुटी नाहीशी झाली, तर तोच उपाय त्या कचेरीत परंपरेने चालू लागतो आणि खरे कारण गुलदस्त्यातच राहते.

ज्या फाइलीत त्या टेक्स्टबॉक्सची नोंद व्हायला हवी होती आणि झाली नाही, तिला डिझायनर फाइल म्हणतात. पानाच्या नावापुढे ‘डॉट डिझायनर डॉट सीएस’ हे शेपूट लावून तिचे नाव तयार होते. पानावर ‘रनॅट सर्व्हर’ असे म्हटलेल्या आणि आयडी दिलेल्या कंट्रोलसाठी एकेक फील्ड जाहीर करणे, एवढेच तिचे काम. २००२ साली एएसपी डॉट नेट प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा व्हिज्युअल स्टुडिओ ही जाहीर नोंद प्रोग्रॅमरच्याच कोडबिहाइंड फाइलीत, त्याच्या स्वतःच्या लेखनाच्या शेजारी करीत असे. २००५ साली सी शार्पच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ‘पार्शल क्लास’ची, म्हणजे एकच क्लास अनेक फायलींत विभागून लिहिण्याची सोय आली आणि यंत्राचे लेखन माणसाच्या लेखनापासून अलग ठेवणे शक्य झाले. त्या वर्षीच्या ‘वेब साइट’ प्रकारात अशी स्वतंत्र फाइल नव्हती. २००६ साली ‘वेब ॲप्लिकेशन प्रोजेक्ट’ हा प्रकार दाखल झाला आणि त्याच्याबरोबर डिझायनर फाइलही रूढ झाली. ही फाइल कोण लिहितो आणि कोणत्या क्षणी लिहितो, या एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असले तर तिच्याभोवती जमलेले बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

गैरसमज १: रिबिल्ड केले की फाइल नव्याने लिहिली जाते.

वस्तुस्थिती: बिल्ड ही फाइल लिहीत नाही, फक्त वाचते. तिचे लेखन व्हिज्युअल स्टुडिओचा एडिटर करतो, तेही पानाच्या मार्कअपमध्ये बदल करून पान सेव्ह केले जाते किंवा ते डिझाइन व्ह्यूमध्ये उघडले जाते अशा प्रसंगी. म्हणून पान नोटपॅडमध्ये अथवा व्हीएस कोडमध्ये बदलले, किंवा सहकाऱ्याचा बदल गिटमधून आपल्याकडे उतरला, तर एडिटरला त्याची वार्ताही नसते, आणि मग कितीही वेळा बिल्ड केले तरी जुनीच फाइल पुन्हा पुन्हा इमानाने कंपाइल होत राहते. ‘टेम्पररी एएसपी डॉट नेट फाइल्स’ हे फोल्डर रिकामे करण्याचा उपायही याच कारणाने निष्फळ ठरतो; तेथे साठते ते पान प्रत्यक्ष चालताना सर्व्हरने कंपाइल केलेले साहित्य, आणि डिझायनर फाइलीशी त्याचा काही संबंध नाही.

गैरसमज २: फाइल अद्ययावत झाली नाही, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओच बिघडला आहे.

वस्तुस्थिती: क्वचित तसे असतेही; परंतु बहुधा दोष मूळ पानात असतो, आणि तो शोधण्याची सुरुवात पानाच्या पहिल्या ओळीपासून करावी. त्या ओळीतील ‘पेज’ डिरेक्टिव्हमध्ये ‘कोडबिहाइंड’ आणि ‘इनहेरिट्स’ अशा दोन नोंदी असतात. पहिली कोडबिहाइंड फाइलीचा पत्ता सांगते, दुसरी नेमस्पेससह क्लासचे पूर्ण नाव. कोणी क्लासचे किंवा नेमस्पेसचे नाव बदलले आणि ‘इनहेरिट्स’मध्ये जुनेच नाव राहिले, तर पानाचा आणि कोडचा संबंध तुटतो आणि जाहीर नोंदी कोणत्या क्लासच्या खाती टाकायच्या हे साधनाला कळेनासे होते. ‘कोडबिहाइंड’च्या जागी ‘कोडफाइल’ असा शब्द दिसला, तर ते पान जुन्या ‘वेब साइट’ प्रकारातून जसेच्या तसे उचलून आणले आहे असे समजावे; त्या प्रकारात ही फाइल नसतेच, म्हणून ती निर्माण होण्याची वाट पाहणेही व्यर्थ असते.

याखेरीज, न मिटवलेला टॅग, नोंदणी न केलेले युजर कंट्रोल किंवा चुकीचा पत्ता दिलेली ‘रजिस्टर’ ओळ पानात असली, तर साधनाला मार्कअपचा अर्थ पुरता लागत नाही आणि लेखन अर्ध्यावरच थांबते. कधी चूक इतकी साधी असते की तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही: ‘रनॅट सर्व्हर’ लिहायचे राहिलेले असते, आयडी दिलेला नसतो, किंवा मार्कअपमध्ये एक आणि कोडमध्ये दुसरेच लहानमोठे अक्षर पडलेले असते, जो भेद सी शार्प कटाक्षाने पाळते. आणि कधी फाइल डिस्कवर अगदी ताजी असते, पण ‘सीएसप्रोज’ या प्रकल्पाच्या फाइलीत तिची नोंद नसल्याने कंपायलरच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखी असते. म्हणून सोल्युशन एक्स्प्लोररमध्ये ती आपल्या पानाखाली दिसते की नाही, याची खातरजमा करून घ्यावी.

एक पान कॉपी करून दुसरे तयार करण्याच्या सवयीतून मात्र याच्या नेमकी उलट तक्रार उद्भवते. दोन्ही पानांची ‘इनहेरिट्स’ नोंद एकच राहिली, तर दोन डिझायनर फायली एकाच पार्शल क्लासमध्ये तीच नावे जाहीर करतात आणि हे नाव आधीच जाहीर झाले आहे, अशी सीएस०१०२ ही त्रुटी येते.

गैरसमज ३: हवी ती ओळ हाताने लिहिली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: या फाइलीच्या शिरोभागी साधनानेच एक इशारा लिहून ठेवलेला असतो, की हा कोड यंत्राने लिहिला आहे आणि तो पुन्हा लिहिला गेला तर येथे केलेले बदल नष्ट होतील. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शाईने खाडाखोड केल्याने तलाठ्याच्या दप्तरातील नोंद बदलत नाही, आणि पुढचा उतारा मूळ नोंदीवरूनच निघतो. या फाइलीची गोष्ट वेगळी नाही. हाताने लिहिलेल्या ओळीने त्रुटी तात्पुरती जाते हे खरे, परंतु त्या ओळीशी जुळणारे कंट्रोल पानावर नसेल, तर ते फील्ड रिकामेच राहते आणि जी चूक कंपायलरने दुपारी प्रोग्रॅमरच्या कानात सांगितली असती, ती ‘नल रेफरन्स एक्सेप्शन’ होऊन ग्राहकासमोर जाहीर होते. फील्डचा प्रकार चुकीचा लिहिला, तर पान उघडतानाच पार्सर अडतो आणि फील्डचा प्रकार कंट्रोलच्या प्रकाराशी जुळत नाही, अशी तक्रार करतो.

प्रकार खरोखरच बदलायचा असेल, तर त्यासाठी सनदशीर मार्ग आहे, आणि तो साधनाने प्रत्येक फील्डच्या वरच्या टिपेतच सांगितलेला असतो: ती जाहीर नोंद डिझायनर फाइलीतून उचलून कोडबिहाइंड फाइलीत ठेवावी. तेथे ती दिसली की साधन आपल्या फाइलीत ती पुन्हा लिहीत नाही, आणि माणसाच्या इच्छेला यंत्राची आडकाठी राहत नाही.

गैरसमज ४: पानावर दिसणारे प्रत्येक कंट्रोल त्या फाइलीत असायलाच हवे.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, कारण येथे फाइल अडलेली नसतेच, तिने जे केले ते योग्यच असते. ‘रिपीटर’ किंवा ‘ग्रिडव्ह्यू’च्या टेम्पलेटमध्ये ठेवलेले लेबल हे प्रत्यक्षात एक लेबल नसून एक साचा असतो: माहितीच्या चाळीस ओळी आल्या तर त्याची चाळीस लेबले होतात, एकही ओळ आली नाही तर एकही होत नाही. अशा वेळी एकाच फील्डने कोणत्या लेबलाकडे बोट दाखवावे? म्हणून साधन त्याची जाहीर नोंद करीतच नाही, आणि ते लेबल गाठण्यासाठी त्या त्या ओळीवर, बहुधा रिपीटरच्या ‘आयटमडेटाबाउंड’ किंवा ग्रिडव्ह्यूच्या ‘रोडेटाबाउंड’ या इव्हेंटमध्ये, ‘फाइंडकंट्रोल’ ही मेथड वापरावी लागते. गोंधळ वाढतो तो ‘अपडेटपॅनेल’मुळे; त्याच्याही अंगात टेम्पलेट असते, पण त्याची प्रत एकच निघणार हे आधीच जाहीर असल्याने त्यातील कंट्रोल बिनदिक्कत डिझायनर फाइलीत येतात. एका टेम्पलेटमधले येते आणि दुसऱ्यातले येत नाही, हे पाहून जो साधनाला लहरी ठरवतो, त्याच्या ध्यानात प्रतींचा हा भेद आलेला नसतो.

गैरसमज ५: फाइल पुसली तर काम बुडाले.

वस्तुस्थिती: जी फाइल मूळ पानावरून पुन्हा लिहिता येते ती पुसण्यात धोका थोडा असतो, आणि पुष्कळदा तोच सर्वांत स्वच्छ उपाय ठरतो. मात्र क्रम सांभाळावा. आधी पानातील दोष दुरुस्त करावेत, कारण सदोष पानावरून नवी फाइलही सदोषच निघेल; जुन्या फाइलीत कोणी हाताने फेरफार करून ठेवले आहेत का, ते गिटमध्ये पाहून घ्यावे; मग फाइल पुसावी, पान निवडावे आणि ‘कन्व्हर्ट टू वेब ॲप्लिकेशन’ ही आज्ञा द्यावी. जुन्या आवृत्त्यांत ही आज्ञा पानावर राइट क्लिक केल्यावर मिळत असे, पुढील आवृत्त्यांत ती वरच्या ‘प्रोजेक्ट’ मेन्यूत गेली. मर्ज करताना दोघांच्या बदलांचा या फाइलीत संघर्ष झाला, तरी ओळी जुळवत बसू नये. मूळ पानाचा संघर्ष तेवढा डोळसपणे सोडवावा आणि डिझायनर फाइल त्यावरून नव्याने काढावी.

गैरसमज ६: यंत्राने लिहिलेली फाइल गिटमध्ये ठेवू नये.

वस्तुस्थिती: जी फाइल बिल्डच्या वेळी आपोआप तयार होते, तिच्यापुरता हा नियम योग्य आहे. डिझायनर फाइल बिल्डमध्ये तयार होत नाही हे वर आलेच. म्हणून ती गिटमधून वगळली, तर बिल्ड सर्व्हरवर, जेथे एडिटर उघडणारे कोणी नसते, संपूर्ण प्रकल्प सीएस०१०३च्या त्रुटींनी भरून जातो.

गैरसमज ७: हे दुखणे फक्त जुन्या तंत्राचे आहे.

वस्तुस्थिती: तंत्र बदलते, दुखणे तेच राहते. डॉट नेटमधील भाषांतरांच्या ‘रेसएक्स’ फाइलीमागेही अशीच एक डिझायनर फाइल असते, आणि रेसएक्सच्या प्रॉपर्टीजमधील ‘कस्टम टूल’ हा रकाना कोणी रिकामा केला, तर तिचे लेखन मुकाट्याने थांबते. जावास्क्रिप्टच्या प्रांतात ‘प्रिझ्मा’ वापरणाऱ्याने स्कीमा फाइलीत नवे फील्ड वाढवले, पण ‘प्रिझ्मा जनरेट’ ही आज्ञा चालवली नाही, तर टाइपस्क्रिप्टला त्या फील्डचा पत्ता लागत नाही. आणि आज्ञा चालवल्यावरही एडिटरमधील टाइपस्क्रिप्ट सर्व्हर जुनेच टाइप स्मरणात धरून बसला असेल, तर तो रीस्टार्ट करावा लागतो.

तेव्हा अशी कोणतीही फाइल अडून बसली, की उपायांच्या मागे धावण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत: ही फाइल कशावरून लिहिली जाते, कोणते साधन लिहिते, आणि ते साधन कशाने जागे होते. यांतील ज्या प्रश्नाचे उत्तर देताना लेखणी थबकेल, तेथेच बहुधा दोष असतो. दुरुस्तीनंतर गिटमधील डिफही अवश्य पाहावा. त्यात वाढवलेल्या कंट्रोलचीच नोंद दिसली तर काम चोख झाले. ज्या कंट्रोलला कोणी हातच लावला नव्हता त्यांच्या नोंदी गळालेल्या दिसल्या, तर मूळ पानात अजून काहीतरी मोडलेले आहे असे समजावे आणि ते सापडेपर्यंत कमिट करू नये.