खडकांवरची चिमुकली वाहने – लेखांक ६ : मागच्या ॲक्सलवरचे वजन

रॉक क्रॉलर, म्हणजे वेगासाठी नव्हे तर खडकांवरून सावकाश चढण्या-उतरण्यासाठी घडवलेली दूरनियंत्रित गाडी, हिच्या पुढच्या ॲक्सलवर पितळी वजने का चढवतात, याचा विचार मागील लेखांकात झाला. मागच्या ॲक्सलवरचे वजन उतरवणे ही त्याच विचाराची दुसरी बाजू असली, तरी ते वजन नेमक्या किती उंचीवरून उतरवले जाते, या प्रश्नाकडे हौशी मंडळींचे बहुधा दुर्लक्ष होते.

चढावर गाडी उलटते ती मागचे टायर जेथे टेकतात त्या रेषेभोवती. गुरुत्वमध्य म्हणजे गाडीचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू. त्यातून सोडलेला ओळंबा या रेषेच्या पुढे पडतो तोवर गाडी तग धरते आणि मागे सरकताच ती पाठीवर पडते. उदाहरणादाखल २,५०० ग्रॅम वजनाची १:१० प्रमाणातील एक गाडी घेऊ. तिच्या दोन ॲक्सलांमधील अंतर ३१३ मिलिमीटर, वजनाची वाटणी पुढेमागे समसमान आणि गुरुत्वमध्याची उंची ८० मिलिमीटर असेल, तर ती सुमारे ६३ अंशांच्या चढावर उलटते. मागच्या ॲक्सलमधून, म्हणजे जमिनीपासून साधारण ५५ मिलिमीटर उंचीवरून, १५० ग्रॅम काढले तर ही मर्यादा जेमतेम ६४ अंशांवर जाते, कारण गुरुत्वमध्य पुढे सरकतो खरा, पण खालचेच वजन गेल्यामुळे तो किंचित वरही चढतो. तेच १५० ग्रॅम मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, १२० मिलिमीटर उंचीवर असलेल्या बॉडीच्या भागातून काढले, तर मर्यादा ६५ अंशांपर्यंत पोहोचते. आणि काहीही न काढता ते मागच्या ॲक्सलवरून पुढच्या ॲक्सलवर हलवले, तर ती साडेपासष्ट अंशांच्या आसपास जाते. म्हणून मागच्या ॲक्सलला हात घालण्याआधी बॉडीच्या मागच्या भागातील शोभेचे सामान उतरवावे, विशेषतः टपावरचा कॅरियर आणि मागे लटकवलेले जादा चाक. ते डोळ्यांना कितीही सुखावत असले तरी.

त्यानंतर पाळी ॲक्सलची. पितळाची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक असल्यामुळे डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या गिअरपेटीचे, पितळी झाकण बदलून ॲल्युमिनियमचे बसवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. टायरची कड कड्यांमध्ये आवळून धरणाऱ्या बीडलॉक चाकांतील वजनाची कडी फक्त मागच्या चाकांतून काढता येतात. पोर्टल ॲक्सल, ज्यात प्रत्येक चाकाजवळच्या गिअरांमुळे ॲक्सलची मधली नळी चाकाच्या केंद्रापेक्षा वर राहते आणि जी रचना उनिमॉग या जर्मन वाहनामुळे परिचित आहे, साध्या ॲक्सलपेक्षा जड असतो; तो मागून काढून साधा ॲक्सल बसवला तर वजन घटते, पण पोटाखालची मोकळी जागाही घटते आणि खडकावर अडकण्याचा धोका वाढतो. हा सौदा क्वचितच फायद्याचा ठरतो. शर्यतीच्या गाड्यांत स्प्रिंगखालचे वजन कमी करण्यासाठी जो आटापिटा होतो, त्याचे कारण खडबडीत वाटेवर वेगाने उसळणारी चाके हे असते. मुंगीच्या चालीने जाणाऱ्या क्रॉलरला ते फारसे लागू पडत नाही.

उतारावर हिशेब उलटा होतो. वरील उदाहरणातील गाडीचे ६० टक्के वजन पुढे नेले आणि उंची तीच राहिली, तर चढाची मर्यादा ६७ अंशांवर जाते, मात्र उतारावरची ६३ वरून ५७ अंशांवर येते, आणि हलकी झालेली मागची चाके उंच पायरीवरून उतरताना सहज उचलली जातात. गाडीतील वाटणी तपासण्यासाठी स्वयंपाकघरातील दोन डिजिटल काटे सारख्या उंचीवर ठेवून एकावर पुढची आणि दुसऱ्यावर मागची चाके उभी करावीत. बॅटरी व बॉडी बसवूनच हे मोजमाप घ्यावे, कारण बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या जवळ सरकवली तर काहीही न कापता आकडे बदललेले दिसतात.