वाल्याचे रांजण कोण मोजणार?

एखादा बदनाम माणूस एकाएकी चांगले बोलू लागला, की आपण सहज म्हणतो, वाल्याचा वाल्मीकी झाला. लोककथेतला वाल्या वाटसरूंना मारून लुटत असे आणि दर खुनामागे एक खडा रांजणात टाकत असे. असे सात रांजण भरले. पुढे नारद भेटला, अंगावर वारूळ चढले आणि वाल्या ऋषी होऊन बाहेर आला. (दरोडेखोराच्या नावाला एका कष्टकरी जातीचे नाव कुणी व का चिकटवले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) मी बी.कॉम. झालेला कारकून, त्यामुळे माझे लक्ष ऋषीकडे न जाता रांजणांकडे जाते. एकेक खडा म्हणजे एकेक माणूस. त्याच्यामागे बायकामुले असतील. खाते बंद करताना त्यांच्या नावावर काय जमा झाले? कथा गप्प आहे.

वाचकहो, आपली मुले आता टीव्हीवर, मोबाइलवर परदेशी अद्भुतकथा पाहतात. तिथेही हाच हिशेब चालतो. ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ वेडर घ्या. १९८३ सालच्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये मुलगा ल्यूक मरणाच्या दारात पाहून त्याचे मन पालटते, तो आपल्या धन्याला, म्हणजे सम्राटाला, उचलून विवरात फेकतो आणि स्वतःही मरतो. शेवटी विजयाच्या रात्री त्याचा आत्मा प्रसन्न मुद्रेने उभा राहिलेला दिसतो. शेजारी कोण, तर १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटात ज्याला त्याने ठार केले तो ओबी-वान! २००५ सालच्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये याच माणसाने मंदिरात लपलेल्या लहान मुलांचीही हत्या केली होती. ती मुले त्या रात्री कुठेच नाहीत. ल्यूकने बापाला क्षमा केली, तो त्याचा अधिकार. पण बाकीच्यांच्या वतीने क्षमा करण्याचे मुखत्यारपत्र त्याला कुणी दिले? शिवाय खलनायकाचे मरण लेखकाच्या फार सोयीचे असते. मेलेल्यावर खटला चालत नाही.

हा नुसता करमणुकीचा प्रश्न असता तर एवढी शाई खर्च केली नसती. वस्तीवर हल्ला होतो, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो आणि लगेच गावातली प्रतिष्ठित मंडळी येऊन बसतात. पोरगं चुकलं, त्याला पश्चात्ताप झालाय, तुम्ही मोठ्या मनानं तक्रार मागे घ्या! पश्चात्ताप खरा की वकिलाने शिकवलेला, हे कोण तपासते? आणि मोठे मन दरवेळी मार खाणाऱ्याकडूनच का मागायचे? खलनायक रडला की गोष्ट संपते, एवढेच लहानपणापासून ज्याने पाहिले, त्याला तक्रारीवर ठाम राहणारी बाई आडमुठी वाटते.

म्हणून ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन कार्टून मालिका (२००५ ते २००८) मला महत्त्वाची वाटते. पालकांनी ती मुलांजवळ बसून पाहावी. झुको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. त्याच्या पणजोबाने वायुपंथी लोकांचा वंशच्छेद केला, त्यातून वाचलेल्या एकुलत्या एका मुलाचा, आँगचा, झुको पाठलाग करतो. बापानेच त्याचा चेहरा जाळून त्याला हाकलले आहे. पण लेखक हे कारण म्हणून सांगतात, सबब म्हणून नाही. मन पालटल्यावर झुको आँगच्या मंडळींसमोर जातो, ते विश्वास ठेवत नाहीत, तर म्हणतो, मला कैदी म्हणून तरी घ्या. एकेकाचे मन वेगवेगळ्या वेळी वळते. सर्वांत शेवटी कटाराचे.

कटाराच्या आईला अग्निराष्ट्राच्या सैनिकाने मारलेले असते. झुको तिला त्या माणसापर्यंत नेतो. तो आता म्हातारा झालेला, भर पावसात गयावया करतो, बदल्यात माझ्या आईचा जीव घे म्हणतो. (पश्चात्तापाचा नमुना पाहा!) कटाराने उगारलेले बर्फाचे भाले हवेतच थांबतात. ती त्याला मारत नाही. आँगला वाटते, हिने क्षमा केली. ती स्पष्ट सांगते, केली नाही आणि कधी करणारही नाही. झुकोला मात्र ती क्षमा करते. सूड न घेणे आणि क्षमा करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा निर्णय तिचा आहे, हे मुलांच्या मालिकेत इतक्या सरळपणे दाखवलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. झुकोच्या बापाला, ओझाईला, शेवटी ठार करत नाहीत. त्याची शक्ती काढून घेऊन त्याला तुरुंगात ठेवतात. खटला चाललेला मात्र दिसत नाही, एवढी माझी तक्रार.

आपल्या घरोघरी अंगुलिमालाची गोष्ट सांगतात ती बहुधा तो भिक्खू झाला तिथे थांबते. मज्झिम निकायातले सुत्त पुढे जाते. राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो. तो त्याला चीवरात पाहून घाबरतो आणि शेवटी नमस्कार करून परततो. राज्याचा दंड टळला. पण अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा कुणाचे ढेकूळ, कुणाची काठी, कुणाचा दगड त्याला लागतो. डोके फुटलेले, पात्र भंगलेले, चीवर फाटलेले, असा तो परत येतो. तथागत त्याला सांगतात, हे सोस, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. दगड फेकणाऱ्यांना तुम्ही मोठ्या मनाचे व्हा, असे सांगायला कुणालाही नगरात पाठवलेले नाही.