कापडाचे म्हातारपण

बाजारात कापड घेताना आपण त्याचे तारुण्य तेवढे पाहतो. रंग खुलतो की नाही, काठ भरदार आहे की नाही, अंगावर नीट बसते की नाही, एवढे पाहिले की पैसे मोजून मोकळे होतो. वीस वर्षांनी हेच कापड कसे होईल, याचा विचार दुकानाच्या गादीवर बसून कोणी करीत नाही. माझा व्यवसायच कापडाची नक्षी आखण्याचा. आणि गेली बारा वर्षे बिऱ्हाड महेश्वरजवळच्या एका खेड्यात. त्यामुळे मला मात्र हा विचार रोज करावा लागतो.

इंदूरचे आमचे आप्तस्वकीय भेटले की विचारतात, “अगं, त्या आडगावात तुझा दिवस जातो तरी कसा?” त्यांना वाटते, नर्मदेचा घाट पाहायचा आणि माळव्याच्या थंड रात्रींची आठवण काढीत निमाडच्या उन्हाळ्यात घाम पुसायचा, याखेरीज येथे दुसरे काय असणार! त्यांच्या समाधानासाठी एकदाचा हिशेब देऊन टाकते.

माझी सकाळ रंगांची. सुताच्या आणि रेशमाच्या लडी उजाडल्यावर ओटीवर मांडते, कारण दिव्याच्या उजेडात वांगी रंग आणि जांभळा रंग यांत हमखास फसगत होते. ऊन वर चढायच्या आत रंग ठरले पाहिजेत. मग चौकटीच्या कागदावर काठ आखायचा. त्या कागदावरचे एकेक घर म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक गाठभेट. घर भरले तर उभा धागा वर, मोकळे ठेवले तर खाली. हाताला वळण असले म्हणजे फूल कागदावर कसेही काढता येते. पण मागावर ते घराघरांनीच चढते. गोलाईसुद्धा पायऱ्यांनी उतरते. या कामात चित्रकलेपेक्षा मोजणीच अधिक, असे म्हटले तरी चालेल.

महेश्वरी काठांची घराणी आपल्याकडच्या जुन्या मंडळींना सांगायला नकोत. चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल, लहर ही नावे लुगड्याच्या निमित्ताने घरोघर उच्चारली गेली आहेत. येथल्या वाड्याच्या आणि देवळांच्या दगडांत हीच नक्षी दिसते, आणि काठ त्यावरूनच उतरले असे विणकर सांगतात. अंगात साधा रंग, बारीक रेघा किंवा चौकडा, पदराला पट्टे, आणि काठ असा, की लुगडे उलटसुलट कसेही नेसा. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 या काळात येथून राज्य केले. देशोदेशीचे विणकर आणून त्यांनीच येथे वसविले, अशी परंपरा आहे. पुढे राजधानी इंदूरला गेली, राजाश्रय आटला, गिरणीचे कापड आले, आणि माग एकामागून एक बंद पडू लागले. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढली. नर्मदेच्या रेवा या नावावरून ते नाव पडले. अनेक स्त्रिया मागावर बसू लागल्या त्या तेव्हापासून. हा धंदा आज तग धरून आहे, त्यात त्या हातांचा वाटा मोठा आहे.

नक्षी आखणाऱ्याने एक गोष्ट कधी विसरू नये. माझे काम कागदावर एका दिवसात होते. ते निस्तरायला विणकराचे दिवसच्या दिवस लागतात. काठाचे उभे धागे रंगवून, ओवून एकदा ताणा मागावर चढला की त्या ताण्यावरच्या सगळ्या साड्यांना तोच काठ. धोट्यातली कांडी बदलून अंगाचा रंग फिरविता येईल, काठाचा नाही. म्हणून कागद हातावेगळा करण्यापूर्वी मी तो एक रात्र उशाशी ठेवते.

दुपार मात्र सुईची. निमाडच्या उन्हात दुपारी बाहेर काही करायची सोयच नाही. शेजारच्या दोघी-तिघी येतात, सारवलेल्या पडवीत गोधडी अंथरली जाते. खाली एक सबंध लुगडे, वर एक सबंध लुगडे, मधे विरलेली धोतरे, चादरी, पोलकी. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून सुरकुती काढायची, लांब टाके घालून थर एकमेकांना धरवायचे, आणि मग कडेने धावदोरा सुरू. कडेकडेने आत वळत, बोटभर अंतर राखीत, मध्यावर येऊन थांबायचे. टाके घट्ट आवळले तर गोधडी फळीसारखी होते, सैल सोडले तर आतले चिरगूट गोळा होते. ऊब असते ती कापडात कमी आणि थरांमधे अडकलेल्या हवेत अधिक. एवढे शास्त्र आपल्या आज्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. उन्हाळ्यात शिवलेल्या या गोधड्या घटस्थापनेच्या आधी एकदा नदीवर धुऊन निघाल्या की थंडीला घर तयार.

ही कला काही आपल्या एकट्याची नाही. बंगालात कांथा, बिहारात सुजनी. कारवारच्या वरच्या रानात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बायका ‘कवंद’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. अमेरिकेतल्या अलाबामा प्रांतात गीज् बेंड नावाच्या वस्तीत काळ्या शेतमजुरांच्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. जगात जेथे जेथे गरिबी आणि थंडी एका घरात नांदली, तेथे तेथे कोणी ना कोणी बाईने सुईत दोरा ओवला.

सकाळची नक्षी आणि दुपारची सुई ही दोन निराळी कामे, असे मीही पूर्वी समजत असे. ती एकच आहेत हे मला सुईने शिकविले. शुद्ध सुती जुनेर धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ होते, सुई त्यातून अलगद जाते. ताण्यात रेशीम असलेले लुगडे वरून देखणे, पण वर्षानुवर्षे घडीत राहिले तर रेशीम घडीवरच तुटते. जर टोचते, म्हणून तान्ह्याच्या दुपट्यात जरीचा काठ घालीत नाहीत. आणि हल्ली घरोघरी आलेल्या कृत्रिम धाग्याच्या साड्या? त्या फाटत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपीत नाहीत. सुई घसरते, थर सरकतात. या साडीला म्हातारपणच नाही. शेवटी ती पोतेऱ्याच्याही कामाची राहत नाही. मातीत पडली तरी तशीच. शेतातला कापूस मागावर, मागावरून अंगावर, अंगावरून गोधडीत, गोधडीतून पोतेऱ्यात आणि पुन्हा मातीत, ही जी साखळी होती ती येथे तुटते. शेजारणी म्हणतात, “ताई, गोधडी शिवायला हात आहेत, पण जुनेर आणायचे कोठून?”

आता सासूबाईंच्या लुगड्याची गोष्ट. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या सासूबाईंचे एक सुती, वांगी रंगाचे नऊवार होते. काठात लहरीच्या पोटात एकेक कललेले फूल. असा काठ मी महेश्वरात कोठल्याही मागावर पाहिला नव्हता. माझे मन म्हणत होते, हे जसेच्या तसे जपून ठेवावे. सासूबाईंना ते पणतवंडाच्या दुपट्यासाठी हवे होते. “कापड पेटीत ठेवायला नसतं गं,” त्या म्हणाल्या, “पेटीत ठेवलं की कसरीचं होतं. माणसाच्या अंगावर राहू दे.” वाद घालावा असे त्यात काही नव्हते आणि तरी माझ्या हातून कात्री चालेना.

लुगडे घेऊन मी आमच्या चाचांकडे गेले. चाळीसहून अधिक वर्षे ते मागावर आहेत. त्यांनी काठ गुडघ्यावर पसरला, उलटा केला, पाठ पाहिली, नखाने धागे मोजले. म्हणाले, “हे माझ्या डॉबीवर बसणार नाही. फूल कललेलं आहे. प्रत्येक धाग्याची चाल वेगळी. एवढ्या चौकटी माझ्याकडे नाहीत. फूल सरळ उभं करा, मग बसेल.” सरळ फुलाचा डावा-उजवा भाग सारखा असतो, धागे मध्यापासून उलट ओवले की निम्म्या चौकटींत काम भागते. त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण फूल सरळ केले तर त्याचा तो लाडिक कल जाणार. मी घुटमळले, तेव्हा ते हळूच म्हणाले, “मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात जातो. माग मोडून टाकू म्हणतो. नव्या काठाला गिऱ्हाईक मिळालं, तर मोडू देणार नाही मी.”

घरी येऊन मी तीन दिवस भिंग घेऊन बसले. कललेले फूल धाग्यास धागा मोजून कागदावर उतरविले आणि तो कागद जपून ठेवला. दुसऱ्या कागदावर फूल सरळ उभे केले आणि तो चाचांना दिला. काठाचा एक हातभर तुकडा कापून घेतला. उरलेल्या लुगड्याचे दुपटे सासूबाईंनी स्वतः बेतले; धावदोरा शेजारणींनी घातला, सुईत दोरा ओवून द्यायचे काम माझे. चाचांचा पहिला ताणा विकला गेला, दुसरा लागला आहे. मुलगा अजून कारखान्यातच जातो. पण सुट्टीच्या दिवशी आता कांड्या भरायला बसतो, एवढे मी पाहिले आहे.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. नवीन नक्षीचा हातभर नमुना विणून आला, की तो पंचवीस वेळा धुते, उन्हात दगडावर वाळविते, आणि मग त्यातून सुई घालून पाहते. जो नमुना गोधडीला चालेल तोच पुढे जातो. व्यापारी हसतात. हसोत बापडे.

शेवटी आमच्या जुन्या घराण्यांतल्या बायकांना एक विनंती. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे येथल्या आपल्या माळ्यांवर अजून अशा कितीतरी ट्रंका आहेत. आजवर त्यांतले कितीतरी काठ बोहारणीच्या टोपलीत गेले आणि त्यांच्या मोबदल्यात स्टीलचे डबे आले. जरीची लुगडी चांदीसाठी जाळली गेली. गेले त्याला इलाज नाही. लुगडी फाडून दुपटी जरूर शिवा, ती त्यासाठीच असतात. मात्र कात्री लावण्यापूर्वी काठाचा एक हातभर तुकडा काढून, पांढऱ्या कापडात गुंडाळून, कोणाचे आणि कोठले ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. कधी महेश्वरला आलात तर बरोबर आणा. मोजायला मी आहे. विणायला चाचा आहेत.