शिक्षण, नोकरी आणि हिपॅटायटिस सी चा उपचार

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे १९४७ मध्ये सातारा येथे निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा व शिका' ही कल्पना उच्च शिक्षणातही रुजली. त्यामुळे सकाळी महाविद्यालय व दुपारनंतर काम हा दिनक्रम सातारा-सांगली भागास नवा नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा किंवा सांगलीच्या हळदपेठेत हिशेब लिहिणारा विद्यार्थी आपल्या चिकित्सालयात नित्य येत असतो. अशा विद्यार्थ्यास हिपॅटायटिस सी चे निदान झाले की त्याचा पहिला प्रश्न यकृताविषयी नसतो. वर्ष वाया जाईल काय आणि नोकरी टिकेल काय, हे तो प्रथम विचारतो.

वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर कठीण होते. इंटरफेरॉनची सुई आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या विषाणूच्या प्रकारानुसार २४ किंवा ४८ आठवडे घ्याव्या लागत. सुईनंतर ज्वर, अंगमर्द, निद्रानाश, कित्येकांस विषण्णता, रिबाव्हिरिनमुळे पांडुता. साप्ताहिक सुई शनिवारी रात्री घेऊन रविवार ज्वरात काढावयाचा आणि सोमवारी कामावर जावयाचे, अशी तडजोड करावी लागे. एवढे सोसूनही यशाची खात्री नसे, आणि खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता.

आज हे चित्र पालटले आहे. सोफोसबुव्हिर हे औषध अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस मान्य झाले. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना त्याच्या उत्पादनाचे परवाने मिळाले व किंमत झपाट्याने उतरली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व त्याखाली तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळू लागली. यकृतकाठिण्य नसलेल्या रुग्णास सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम व डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस द्यावयाचे असते. शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्ण यातून विषाणुमुक्त होतात. ८४ दिवस म्हणजे एका सत्राहूनही कमी काळ. तेव्हा विद्यार्थ्याने महाविद्यालय किंवा काम सोडण्याचे बहुधा कारण नाही, हे त्यास आरंभीच स्पष्ट सांगावे. उपचारकेंद्राची चौकशी त्याने जिल्हा रुग्णालयात करावी.

येथे आपल्याकडून होणाऱ्या एका चुकीचा विचार करणे अगत्याचे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात पांडूसमवेत कामला वर्णिली आहे आणि यकृतविकार म्हटला की आपले लक्ष नेत्र, त्वचा व मूत्र यांच्या पीततेकडे जाते. हिपॅटायटिस सी मध्ये बहुसंख्य रुग्णांत कामला कधीच दिसत नाही. थोडा थकवा, मंदाग्नी, एवढ्यावर पंधरा-वीस वर्षे जातात आणि मग एकदम जलोदर समोर उभा राहतो. पीतता नाही म्हणून यकृत निर्दोष, हा निष्कर्ष म्हणून धोक्याचा. कुटकी, पुनर्नवा, भृंगराज या द्रव्यांबद्दल प्रस्तुत लेखकास पूर्ण आदर आहे. परंतु त्यांनी हा विषाणू शरीरातून नष्ट होतो असे सिद्ध झालेले नाही. 'आधी तीन महिने काढा घेऊन पाहू' असे सांगण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही.

उपचार सुरू असता आपली औषधे कोणती चालतील, हा प्रश्न चिकित्सकाप्रमाणेच औषधविक्रेत्याच्याही पुढे येतो. पिप्पलीतील पायपरीन इतर औषधांचे शोषण व यकृतातील पचन बदलते, हे आपण योगवाही गुण म्हणून मानतोच. तोच गुण येथे अनिष्ट ठरू शकतो, म्हणून त्रिकटूचे कल्प या काळात थांबवावेत. काठिण्य असलेल्या रुग्णांना डॅक्लाटासव्हिरऐवजी वेल्पाटासव्हिर दिले जाते व त्याच्या शोषणास आमाशयातील आम्ल लागते. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ ही मुख्यतः चुन्याची द्रव्ये आम्ल कमी करतात. ती द्यावयाचीच तर चार तासांचे अंतर हवे. दुकानात आम्लपित्तावर सर्रास मागितली जाणारी ओमेप्राझोलची गोळीही अशा रुग्णास न विचारता देऊ नये. अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन, क्षयावरील रिफाम्पिसिन ही तर या औषधांचा प्रभावच घालवतात. गुळवेलीविषयी २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी यकृतास इजा झालेले काही रुग्ण नोंदविले आणि आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा काढून त्यास हरकत घेतली. तो वाद कोणीकडेही जावो. ८४ दिवसांत यकृताची विकरे वाढली तर कारण नेमके कळावे, एवढ्यासाठी तरी तोवर ती देऊ नये.

दिनक्रमाबाबत एकच गोष्ट फार महत्त्वाची, ती म्हणजे मात्रा न चुकणे. पाळी दर आठवड्यास बदलणाऱ्या मुलास घड्याळाची वेळ पाळणे जमत नाही. पाळी कोणतीही असो, न चुकणाऱ्या एका भोजनाशी गोळी जोडून द्यावी. विसरल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. डोकेदुखी व थकवा काहींना पहिले काही आठवडे जाणवतो. शक्य असल्यास तेवढ्यापुरती रात्रपाळी टाळावी. मद्य वर्ज्य, हे सांगणे नलगे. उपचारापूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे ना, हेही विचारावे, कारण सी नष्ट होताना दबलेला बी उसळू शकतो.

वसतिगृहात एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने वा एकत्र झोपल्याने हा रोग पसरत नाही. तो रक्तातून पसरतो. वस्तरा, दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश वेगळा असावा. पुन्हा वापरलेली सुई हे त्याचे जुने द्वार आहे, आणि खेडोपाडी सुई टोचणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे वाक्य स्वतःला उद्देशून वाचावे. महाविद्यालयास वा मालकास रोगाचे नाव सांगण्याची गरज नाही. 'यकृतविकारासाठी उपचार चालू, अमुक दिवशी तपासणी' एवढे प्रमाणपत्र रजेस पुरते. हिमोफिलिया वा थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागून ज्यांना हा संसर्ग झाला, त्यांचे मूळ विकार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहेत; त्यांनी त्या सवलती जरूर मागाव्यात.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूची आर.एन.ए. तपासणी करावी लागते. ती नकारात्मक आली म्हणजे रोग बरा झाला. परंतु प्रतिपिंडांची साधी तपासणी त्यानंतरही बहुधा आयुष्यभर होकारार्थीच येते. पुढे नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीत तोच कागद पाहून मुलास परत पाठविले जाण्याचा संभव असतो. म्हणून आर.एन.ए. अहवालाच्या दोन-तीन प्रती व उपचार पूर्ण केल्याचा दाखला त्याच्या पदवीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवण्यास सांगावे, आणि एक प्रत आपल्या रुग्णनोंदीतही ठेवावी.