ओझे ओढणाऱ्याची शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बरोबर घ्यावी, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. वाटेत काय मिळेल, कधी मिळेल आणि कोणत्या भावाने मिळेल याचा भरवसा नसे. म्हणून दशम्या, चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधूनच माणूस घराबाहेर पाऊल टाकी. आता स्थानकास्थानकावर सर्व काही मिळते आणि घरची शिदोरी मागे पडली आहे. परंतु आपल्या घरात येणारे धान्य, सिमेंट, औषधे आणि यंत्रे जो वाहतो, त्या ट्रकपुरता शिदोरीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. त्याची शिदोरी म्हणजे डिझेल, आणि ती बांधण्याचे फडके म्हणजे टाकी. ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला मूळ टाकीच्या जोडीला दुसरी टाकी बसवावी काय, आणि बसवावयाची तर कशी, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा आहे. पण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत. म्हणून तो या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

अवजड ओझे आणि रसद यांचे नाते किती निकटचे आहे, हे आमच्या या भोपाळ शहराच्या इतिहासानेच दाखविले आहे. १७३७ च्या अखेरीस निजामउल्मुल्क मोठी फौज आणि अवजड तोफखाना घेऊन भोपाळपाशी आला. पहिल्या बाजीरावाने त्याच्या तोफांवर चालून जाण्याऐवजी त्याची रसद तोडली. तोफांच्या ओझ्यामुळे निजामाला झपाट्याने हलता येईना आणि दाणावैरणीच्या टंचाईमुळे एका जागी राहताही येईना. जानेवारी १७३८ मध्ये येथून जवळच असलेल्या दोराहा येथे त्याला तह करावा लागला. ओझे जितके जड, तितकी रसद अधिक लागते आणि ती मिळविण्यासाठी इकडेतिकडे वळणे तितकेच अवघड होते, हा त्या मोहिमेचा धडा आहे. आजच्या ट्रेलरलाही तो तंतोतंत लागू पडतो.

भोपाळकरांना याचे प्रत्यंतर वारंवार येते. १९५६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘भेल’मध्ये विलीन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या येथील कारखान्यात विजेचे प्रचंड रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तयार होतात. शंभर टनांहून अधिक वजनाचा ट्रान्सफॉर्मर जेव्हा रस्त्याने निघतो, तेव्हा अनेक आसांच्या ट्रेलरवर ठेवून त्याला माणसाच्या चालीने न्यावे लागते. पुढे ओढणारे जे वाहन असते, त्याला या धंद्यातील लोक ‘पुलर’ म्हणतात. सामान्य ट्रेलर भरलेला असताना लिटरला अडीच-तीन किलोमीटर जातो. असे प्रचंड ओझे ओढणाऱ्या पुलरला मात्र एका लिटरात जेमतेम एक किलोमीटर गाठता आला तरी पुष्कळ. भोपाळहून नर्मदापुरम, बैतूलमार्गे नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. वाटेत विंध्य आणि सातपुडा या दोन्ही पर्वतांचे चढ. म्हणजे साध्या ट्रेलरला जी साडेतीनशे लिटरची टाकी हजार किलोमीटर पुरेल, ती पुलरला नागपूरपर्यंतही पुरेलच असे नाही.

वाचक म्हणतील की वाटेत पंप काय थोडे आहेत? पंप पुष्कळ आहेत, परंतु पंपापाशी वळणे सोपे नाही. पाठीमागे शे-दीडशे फुटांचे लटांबर असलेले वाहन पंपाच्या आवारात शिरू शकत नाही आणि भर रस्त्यात उभे राहिले तर मागची सारी रहदारी तुंबते. मग डिझेल पिंपांतून आणावे लागते आणि रबरी नळी तोंडाने ओढून टाकीत उतरवावे लागते. हा प्रकार घाणेरडा तर आहेच, शिवाय फुप्फुसांत डिझेल गेल्यास जिवावर बेतणारा आहे. अशा वाहनाला मोठी किंवा दुसरी टाकी ही चैन नव्हे, गरज आहे. ऑस्ट्रेलियाच्या उजाड मुलखात एका पुलरमागे तीन-तीन ट्रेलर जोडून ज्या ‘रोड ट्रेन’ धावतात, त्यांच्या पुलरना अनेक टाक्या असतात, त्या याच कारणाने.

परंतु आपल्याकडे दुसऱ्या टाकीची जी हौस दिसते, तिचे कारण पुष्कळदा निराळे असते. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर आला, तरी डिझेल त्याच्या बाहेरच राहिले. त्यावर प्रत्येक राज्य आपापला कर लावते आणि त्यामुळे सीमा ओलांडली की भाव बदलतो. मध्य प्रदेशापेक्षा शेजारच्या उत्तर प्रदेशात डिझेल अनेक वर्षे स्वस्त राहिले आहे. लिटरमागे तीन-चार रुपयांचा फरक धरला, तर तीनशे लिटरच्या जादा टाकीत एका खेपेला नऊशे ते बाराशे रुपये वाचतात. महिन्यात अशा सहा-सात खेपा झाल्या, तर मालकाच्या दृष्टीने ही रक्कम नगण्य नाही. वाहतुकीच्या धंद्यात नफ्याची कड इतकी बारीक असते की या बचतीला कोणी लोभ म्हणून हिणवू नये. प्रश्न आहे तो ही बचत कोणाच्या जिवावर होते, हा.

प्रथम वजनाचा हिशेब पाहू. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम. तीनशे लिटर म्हणजे अडीचशे किलो, आणि टाकी, पट्टे, कंस यांचे वजन निराळे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक आसावरील भाराची मर्यादा वाढविली आणि ट्रेलरसहित कमाल वजन ५५ टनांपर्यंत नेले, हे खरे. परंतु जादा टाकी एका बाजूला टांगली जाते. भरलेली असताना ती वाहनाला एका अंगाला झुकविते आणि अर्धी असताना आतील डिझेल वळणावर डचमळून त्या झुकण्यात भर घालते. म्हणून चांगल्या टाकीत आडवे, भोके पाडलेले पत्रे बसविलेले असतात. ते या लाटेला अडवितात. पत्र्याची साधी पेटी आणि वाहनाची टाकी यांतील पहिला फरक हाच.

दुसरा फरक नळ्यांचा. डिझेल इंजिन टाकीतून जितके इंधन खेचते, तितके सगळे जाळीत नाही. उरलेले गरम होऊन परतीच्या नळीने टाकीकडे येते. नवशिक्या मिस्त्रीने ओढण्याची नळी दुसऱ्या टाकीला जोडली आणि परतीची पहिल्याच टाकीत राहू दिली, तर दुसरी टाकी रिकामी होता होता पहिली भरून वाहू लागते. म्हणून बदलीचा कॉक दोन्ही नळ्यांना एकदम फिरविणारा हवा. कोणी दोन्ही टाक्यांचे तळ एका आडव्या नळीने जोडतात. त्यात पातळी आपोआप सारखी राहते, पण तीच नळी खाली लोंबत असली आणि एखादा दगड लागून तुटली, तर दोन्ही टाक्यांतील इंधन रस्त्यावर सांडते. प्रत्येक टाकीला हवा आत-बाहेर होण्याची वाट हवी, आणि वर थोडी जागा रिकामी हवी. कारण तीनशे लिटर डिझेल वीस अंशांनी तापले की सुमारे पाच लिटरांनी फुगते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तर मुळीच वापरू नये. जस्त आणि डिझेल यांच्या संयोगाने साबणासारखा चिकट पदार्थ होतो आणि तो गाळण्या कोंडतो. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक अवजड वाहनांत धूर शुद्ध करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचीही एक टाकी असते. त्यामुळे चासीवर मोकळी जागा कमी उरली आहे आणि जादा टाकी तप्त सायलेन्सरच्या शेजारी ढकलण्याचा मोह वाढला आहे.

हा मोह घातक आहे. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, असे आपण ऐकत आलो आहोत. काडी टाकून पेटविण्याच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. परंतु ठिणगीवाचून, केवळ उष्णतेने पेट घेण्याच्या बाबतीत डिझेल पेट्रोलपेक्षा अधिक तत्पर आहे; सव्वादोनशे अंशांच्या आसपास ते आपोआप पेटू शकते, आणि डिझेल इंजिन चालते ते याच गुणावर. टाकी फुटून त्याचा फवारा तापलेल्या धातूवर पडला की व्हायचे ते होते. १ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी, मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली, डिझेलने पेट घेतला आणि २५ जण होरपळून गेले. ती तर बस होती. तरीही इतके झाले. मग गल्लीतल्या पत्र्याच्या टाकीविषयी काय बोलावे?

टाकी कोठे बसवावी याचे महत्त्व अमेरिकेनेही भारी किंमत देऊन जाणले. तेथे शेतकरी आणि सहलीला निघालेली कुटुंबे पिकअप ट्रकमागे ट्रेलर जोडतात आणि लांबच्या पल्ल्यासाठी दोन टाक्यांची सोय मागतात. जनरल मोटर्सने १९७३ ते १९८७ या काळातील आपल्या मोठ्या पिकअप ट्रकांच्या टाक्या चासीच्या पोलादी पट्ट्यांच्या बाहेर, दोन्ही अंगांना बसविल्या. बाजूने धडक बसताच टाकी चिरडून आगी लागल्याच्या तक्रारी आणि खटले वर्षानुवर्षे चालले. अखेर १९९४ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड करून सुरक्षिततेच्या कामांसाठी पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. ते इंधन पेट्रोल होते, हे खरे. परंतु टाकी आणि धडक यांच्यामध्ये काहीतरी भक्कम हवे, हा नियम इंधन पाहून बदलत नाही. अवजड ट्रकांच्या बाजूला जे संरक्षक कठडे असतात, ते टाकी बसविण्यासाठी कापून टाकू नयेत, हे यावरून उमजावे.

आता सर्वांत दुःखद गोष्ट. जादा टाकीपायी ज्यांचा जीव जातो ते नेहमी रस्त्यावरच जातात असे नाही. काही दुकानाच्या दारात जातात. भोपाळच्या कोकता येथील ट्रान्सपोर्ट नगरात काय किंवा इंदूर-नागपूरच्या गॅरेजांत काय, कोवळी मुले वेल्डिंग शिकत असतात. आम्ही शाळेत आहोत, म्हणून ठाऊक आहे की दहावीत अडखळलेला मुलगा बहुधा अशाच एखाद्या दुकानात जातो. त्याला कोणी तरी जुनी टाकी आणून देतो आणि म्हणतो, “रिकामीच आहे, एवढी चीर बुजवून दे.” रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत तळाशी राहिलेले चार थेंब वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होतात, हवेत मिसळतात आणि बंद पेटीचा बाँब होतो. वापरलेल्या टाकीला वेल्डिंग करू नये, नवी आणावी. हे एक वाक्य प्रत्येक घराने आपल्या मुलाला पाठ करून द्यावे.

कायदाही या बाबतीत मोघम नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने ठरविलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ निःसंदिग्ध केला. तेव्हा मोठ्या टाकीची खरी गरज असेल, तर वाहन घेतानाच कारखान्याकडून ती मागावी. नंतर लागल्यास उत्पादकाच्या संमतीने आणि परिवहन कार्यालयाच्या नोंदीने बसवावी, आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. नाहीतर ज्या दिवशी भरपाईची खरी गरज पडेल, त्याच दिवशी ही टाकी कागदावर नाही म्हणून दावा अडेल. मग वाचविलेल्या बाराशे रुपयांचा हिशेब कोण मांडणार?

या मासिकाच्या वाचकांत माळवा, बुंदेलखंड, नागपूर-जबलपूर या भागांत वाहतुकीचा व्यवसाय करणारी कुटुंबे आहेत आणि ज्यांची मुले त्या व्यवसायात नोकरीस आहेत अशीही आहेत. दोघांनाही आमचे सांगणे एकच. जादा टाकीची बचत मालकाच्या वहीत जमा होते. तिच्यापासून चार हातांवर रात्रभर बसतो तो चालक, तिच्या शेजारी पथारी टाकतो तो क्लीनर, आणि तिला जोड देतो तो वेल्डर. ज्याच्या पदरात धोका पडतो, त्याला विचारल्यावाचून हा निर्णय होऊ नये. टाकी कोठे बसणार, कोणी केली, नळी कोठून जाणार, हे चालकाने विचारावे आणि मालकाने न रागावता सांगावे. पूर्वी घरची बाई शिदोरी बांधताना जाणाऱ्याला विचारी, “किती दिवसांचा प्रवास? वाटेत पाणी आहे ना?” त्या प्रश्नांत हिशेब होता आणि माया होती. ट्रकची शिदोरीही त्याच दोन गोष्टी ध्यानात ठेवून बांधावी.